पाच म्हणजे पाच

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पाठीमागे दशांशबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. बाकीचे तंत्रज्ञ वहीत 'चौदा' लिहून मोकळे होत, तिथे बाई चौदाच्या पुढे टिंब देऊन दोन शून्यं काढत, आणि एखाद्या नवख्याने ती गाळली तर त्याला टेबलाशी बोलावून विचारत, "शून्यं घरी नेलीत का? परत आणा." नाकावर माशी बसू देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. चाळीस माणसांच्या त्या मजल्यावर बाईंची चूक दाखवून द्यायला कितीतरी जण टपून बसले होते, आणि एकेक करत म्हातारे होऊन निवृत्त झाले, पण चूक काही कोणाला सापडली नाही. चूक झाली होती. एकच, आणि तीही आकडा बरोबर सांगून. म्हणून तर ती चोवीस वर्षं खुद्द बाईंनाही सापडली नाही.

ती कळायची तर आधी त्यांचं काम कळायला हवं. मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, दोन खोल्या. दिवस गेल्यावर पहिल्या बारा आठवड्यांत बाईच्या रक्तातली संप्रेरकं कशी बदलतात, याचा अभ्यास तिथे चालू होता. 'संप्रेरकं' हा शब्द फक्त सरकारी अर्जात, बोलताना सगळे हार्मोनच म्हणत. अभ्यास मोठ्या मॅडमचा, पण हात दशांशबाईंचे. पाळी चुकून दोन-चार दिवस झालेल्या बायका एक दिवसाआड येत, नर्स त्यांच्या हातातून रक्त काढी, आणि मग ती नळी बाईंच्या ताब्यात. रक्त गोठू द्यायचं, यंत्रात गरगरा फिरवायचं, वर जमलेलं पिवळसर पाणी अलगद काढून इवल्या कुप्यांत भरायचं. कुपीवर नाव नाही, फक्त क्रमांक. मग शहाण्णव खळग्यांची प्लेट घ्यायची, खळग्याखळग्यात थेंब सोडायचे, घड्याळ लावून बरोबर तीस मिनिटं थांबायचं. ज्या खळग्यात रंग गडद, त्या बाईच्या रक्तात हार्मोन जास्त.

त्यातला मुख्य हार्मोन सुरुवातीला साधारण दोन दिवसांत दुप्पट होतो. दुप्पट झाला की सगळं ठीक. थबकला, उतरायला लागला, की काय होणार ते बाईंना त्या बाईच्याही आधी कळे. त्या दिवशी त्या कोणाशी धड बोलत नसत, शिपायावर उगाच खेकसत, आणि डबा न उघडताच घरी नेत. कोणाला वाटे बाई रागीट आहेत. होत्याच रागीट, पण त्या दिवसांचा राग वेगळा असे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांच्या वहीत क्रमांकानंतर एक रकाना होता, 'आठवडे'. गर्भ नेमका कुठल्या दिवशी राहिला हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, पण पाळीची तारीख बाईच्या लक्षात असते. म्हणून मोजायचं ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात कोणी नसतंच, तरी ते धरले जातात. वहीत पाच आठवडे लिहिले असले तर आतला जीव जेमतेम तीन आठवड्यांचा. त्या दोन खोल्यांत हे सगळ्यांना माहीत होतं, शिपायालाही. इतकं माहीत होतं, की कोणी ते कधी बोलून दाखवत नसे.

बाईंना एक धाकटा भाऊ. नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं बाईंनीच केलं. पाढे घोटून घेतले, भूमिती शिकवली, उत्तर चुकलं तर पाटी पुसून पुन्हा मांडायला लावली. आकडा खोटं बोलत नाही, असं त्या त्याला सांगत. पोराने ते मनावर घेतलं आणि जहाजावर इंजिनाच्या खोलीत नोकरी धरली. तिथे तापमान, दाब, तेलाची पातळी, सगळं काट्यावर. सात-आठ महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी. लग्न झालं तेही एका चित्रकलेच्या शिक्षिकेशी, जिचा आणि काट्याचा दूरचाही संबंध नव्हता. भारी हसरी मुलगी. ती हसायला लागली की समोरचा कारण न कळताच हसायचा. दशांशबाईंना हसवणारी माणसं मोजून दोन, त्यांतली ही एक.

लग्नाला चार वर्षं झाली होती. भाऊ जहाजावरून घरी आला, आणि तीन आठवड्यांच्या आत भावजयीची पाळी चुकली. बाईंनी तिला हाताला धरून रुग्णालयात नेलं.

"ताई, इतक्यात कशाला? अजून चारच दिवस झालेत."

"मला चारच दिवस झालेली हवी आहे. अभ्यासाला तुझ्यासारख्या मिळत नाहीत. बस इथे, बाही वर कर."

भावजय झाली क्रमांक एकतीस. शेवटच्या पाळीची तारीख तिने स्वतः सांगितली, बाईंनी ती लिहून घेतली. एक दिवसाआड तीनदा रक्त दिलं, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत आकडा असा शिस्तीत दुप्पट होत गेला की बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी एका चिठ्ठीवर तिन्ही आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले, खाली 'पाच आठवडे' लिहून रेघ मारली, आणि चिठ्ठी भावजयीच्या हातात दिली. आनंद झाला की बाई मिठी मारत नसत, अधोरेखित करत.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः तिसऱ्या मजल्यावर आला. खिडकीशी उभा राहिला. बाईंच्या पुढ्यात नुकती भरलेली प्लेट होती, घड्याळ चालू होतं.

"ताई, एक विचारायचं होतं."

"दोन मिनिटांत विचार. प्लेट आहे."

"हे पाच आठवडे लिहिलेत. ते नक्की ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे... कमी असतील का? तीन, सव्वातीन?"

तो हा प्रश्न का विचारतोय, हे बाईंच्या डोक्यात आलं नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं की कोणीतरी त्यांच्या आकड्यावर शंका घेतंय, आणि तेही ज्याला आपण पाढे शिकवले त्याने. त्यांचा पारा चढला.

"माझ्याकडे दोन दशांशांपर्यंत बरोबर येतं. फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. पाच म्हणजे पाच."

"बरं," भाऊ म्हणाला. चिठ्ठी खिशात घातली आणि गेला. घड्याळ वाजलं, बाईंनी प्लेट उचलली.

पाच हा आकडा बाईंच्या प्लेटमधून आलेलाच नव्हता, हे इथे सांगायलाच हवं. रक्तातल्या हार्मोनवरून आठवडे नेमके सांगता येत नाहीत, एकीचा आकडा आणि दुसरीचा आकडा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. पाच आला होता भावजयीने सांगितलेल्या तारखेवरून, कॅलेंडरवर बोट ठेवून. त्यात दशांशाचा काही संबंध नव्हता. पण बाईंनी त्याचंही श्रेय स्वतःच्या अचूकपणाला देऊन टाकलं. गर्व दुसरं काय करतो?

भावाला घरी येऊन तेवीस दिवस झाले होते.

त्याने बायकोला काही विचारलं नाही. आरडाओरडा नाही, भांडण नाही, एक वाकडा शब्द नाही. फक्त सुट्टी शिल्लक असताना बोलावणं आल्याचं सांगून पंधरा दिवस आधीच जहाजावर निघून गेला. मुलगी झाली तेव्हा तो दूर कुठल्याशा बंदरात होता. बाईंनी पत्र पाठवलं. वजन तीन किलो वीस ग्रॅम, तेही तीन दशांशस्थळांपर्यंत, आणि शेवटी कौतुकाने एक ओळ, 'पूर्ण दिवसांची आहे, अगदी वेळेवर आली.' तिकडे तो घरी परतल्या तारखेपासून बोटं मोजत बसला होता. मोजणी पावणेनऊ महिन्यांच्या पुढे जाईना. नऊ महिने नऊ दिवस हे सगळं जग जाणतं, तोही जाणत होता. बहिणीच्या प्रेमाच्या त्या ओळीने राहिलीसाहिली शंकाही मिटली.

तो वाईट बाप झाला नाही. तेच तर सांगणं अवघड आहे. मुलीला सायकल त्याने शिकवली, दात दुखला तर डॉक्टरकडे त्याने नेलं, जहाजावरून येताना तिच्यासाठी रंगांच्या पेट्या आणल्या. पण बायकोशी बोलताना तो 'तुझी मुलगी' म्हणायचा. "तुझी मुलगी अजून आली नाही?" "तुझ्या मुलीला गणित जमत नाही." घरात सगळे ते थट्टेवारी नेत. भावजयीनेही सुरुवातीला नेलं. मग तिचं हसणं हळूहळू आटलं. कधी आटलं ते सांगता येणार नाही, कोणी मोजत नव्हतं. एकदा तिने बाईंना विचारलंही.

"ताई, माझं काही चुकलं का हो? हा माझ्याशी चांगलं वागतो. फार चांगलं वागतो. आजारी माणसाशी वागावं तसं."

"जहाजावरची माणसं अशीच होतात," बाई म्हणाल्या. तेही त्यांनी दोन दशांशांपर्यंत खात्री असल्यासारखंच सांगितलं.

बाईंच्या अभ्यासाचं पुढे नाव झालं. छापील लेखात बायकांच्या हार्मोनचे आलेख आले, त्यांत सगळ्यात देखणी, एकही खाचखळगा नसलेली रेघ क्रमांक एकतीसची होती. लेखाच्या शेवटी मोठ्या मॅडमनी 'अचूक मोजमापाबद्दल' बाईंचे आभार मानले होते. बाईंनी तो अंक भावालाही दाखवला होता. त्याने चाळला आणि मिटून परत दिला.

चोवीस वर्षं गेली. मोठ्या मॅडम गेल्या, प्लेटा गेल्या, आता एक मोठं यंत्र आलं, जे स्वतःच थेंब सोडतं आणि स्वतःच आकडे छापतं. बाई निवृत्तीला आल्या. भाऊ जहाज सोडून घरी बसला. भाचीचं लग्न झालं, तिची पाळी चुकली, आणि ती तपासायला आत्याकडे आली. नवरा कामावर, म्हणून बापाने गाडीतून आणलं. निकाल चांगला होता. बाई तो घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे नवी डॉक्टर बसायची, बोलकी, टेबलावरचा तक्ता दाखवत समजावून सांगणारी. भाची समोर बसली. बाप तिची पिशवी मांडीवर घेऊन भिंतीजवळच्या खुर्चीवर.

"पाच आठवडे झालेत तुम्हाला," डॉक्टर म्हणाली.

भाची गोंधळली. "पाच कसे? ह्यांना बाहेरगावाहून येऊन महिनासुद्धा नाही झाला. त्याआधी..." बाप बसलाय हे आठवून ती थांबली.

डॉक्टर हसली. "सगळ्याजणी इथेच अडखळतात. अहो, आम्ही शेवटच्या पाळीपासून मोजतो. पहिले दोन आठवडे नुसते नावाला. बाळ तीनच आठवड्यांचं आहे."

"म्हणजे दोन आठवडे फुकटचे!" भाची म्हणाली. ती अगदी आईसारखी हसली, आईच्या जुन्या हसण्यासारखी.

"हे असं कधीपासून मोजतात?" भिंतीजवळून प्रश्न आला.

"कायमच, काका. जगभर असंच."

भावाने बाईंकडे पाहिलं. "ताई, तेव्हाही?"

"तेव्हा कधी?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नाही. त्याने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तो बाहेर गेला.

बाईंना तो जिन्याच्या वळणावर सापडला, कठड्याला धरून उभा.

"मला घरी येऊन तेवीस दिवस झाले होते," तो म्हणाला. "तू पाच आठवडे म्हणालीस."

दशांशबाईंना हिशेब करायला कधी वेळ लागत नसे. आताही लागला नाही. पस्तीसमधून तेवीस गेले, बारा उरले, आणि नुसते नावाला धरलेले दिवस चौदा. त्या पायरीवर बसल्या. चाळीस वर्षांत त्या जिन्यावर बाईंना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"मी तिला माफ केलं होतं, ताई," भाऊ म्हणाला. "इतकी वर्षं. मला वाटायचं, केवढं मोठं मन आहे आपलं. रोज सकाळी उठून मी तिला माफ करायचो. आणि तिने काहीच केलं नव्हतं." मग तोंडावर हात धरून म्हणाला, "तिला सांगू नकोस. मी कुठल्या तोंडाने तिच्यासमोर उभा राहू? पाया पडतो, सांगू नकोस."

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढचा सगळा आठवडा त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. सांगावं, तर नवऱ्याने चोवीस वर्षं आपल्याला काय समजून वागवलं हे त्या बिचारीला या वयात कळणार. न सांगावं, तर माझं काय चुकलं, हा प्रश्न घेऊन ती तशीच म्हातारी होणार. दोन्ही पारडी सारखीच जड. वजन करण्यात जन्म गेलेल्या बाईला काटा कुठे झुकतोय ते दिसेना. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे त्या पाहतच नव्हत्या.

रविवारी दुपारी भावजयीचाच फोन आला. "ताई, येता का? घरी मी एकटीच आहे."

बाई गेल्या तेव्हा ती इस्त्री करत होती. नवऱ्याचे सदरे एकावर एक रचून ठेवले होते. तिने चहा टाकला नाही, बसा म्हणाली नाही, सरळ विषयाला हात घातला.

"दवाखान्यातून आल्यापासून याचं काहीतरी बिनसलंय. परवा म्हणाला, 'आपली पोर आई होणार.' आपली! मी वळून पाहिलं, मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. काल माझ्यासमोर बसून रडला. का ते सांगत नाही. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला माहीत आहे ना?"

बाई वरच्या सदऱ्याची घडी सारखी करू लागल्या.

"ताई, मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, माझं काय चुकलं. आज पुन्हा विचारते. आता मी काही तिशीची पोर नाही. काय असेल ते ऐकून घेईन."

मग मात्र बाईंना मूग गिळून बसवेना. त्यांनी सांगितलं. रिपोर्टवरचा आकडा वाचून त्याचा गैरसमज झाला, तारखा जुळल्या नाहीत, शेवटच्या पाळीपासून मोजतात हे त्याला ठाऊक नव्हतं, पोर आपली नाही असं त्याने धरलं आणि ते मनातच ठेवलं. सगळं क्रमाने सांगितलं, स्वच्छ, वहीतल्या नोंदीसारखं. एकच नोंद गाळली.

भावजय ऐकत उभी होती. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"म्हणजे त्याला मी तसली वाटले," ती म्हणाली. "आणि तरी माझ्या हातचं जेवला. माझ्या शेजारी झोपला. माझ्या तापात उशाशी बसला."

"हो."

"मला वाटायचं, मी जाड झाले म्हणून असेल. मला वाटायचं, मुलगा हवा होता त्याला. एक वर्ष मी मोठ्याने हसणं सोडून पाहिलं, म्हटलं त्याचा त्रास होत असेल. मग ते सुटलंच." ती खुर्चीवर बसली. राग आला तो आता आला, आणि आला तो आवाज न चढवता. "समुद्र पालथे घातले याने. आग लागलेल्या इंजिनात उतरला होता एकदा. आणि एक प्रश्न विचारता आला नाही? मला नाही तर नाही. डॉक्टरला विचारायचं, नर्सला विचारायचं, रस्त्यावरच्या कोणाही दोन पोरांच्या आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. एका वाक्याचं काम होतं, ताई! चोवीस वर्षांत याला एका माणसाला विचारावंसं वाटलं नाही?"

उत्तर अगदी सोपं होतं. 'पुरुष असेच असतात' म्हटलं असतं तरी चाललं असतं. भावजयीने मान डोलावली असती, आणि सगळा दोष जिथे अर्धा होता तिथे पूर्ण जाऊन बसला असता. भाऊ काही बोलणार नव्हता. त्याने इतकी वर्षं बायकोला सांभाळून घेतलं, तसं तो बहिणीलाही सांभाळून घेतच होता. जिन्यावरही त्याने तिला बोल लावला नव्हता.

बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"विचारलं होतं गं त्याने," त्या म्हणाल्या. "मला विचारलं होतं."